पाणी माझे, मच्छर कुणाचे?

आम्ही उर्दू शाळेत मुलांना ‘मिल्कियत’ हा शब्द शिकवतो. अर्थ सोपा: जे माझे, त्यावर हुकूम माझा. भद्रावतीच्या आसपास पावसाळ्यात धानाच्या शेतांवरून फिरून आले की हा सोपा अर्थ डळमळू लागतो. बांधी एकाची, सातबारा एकाच्या नावाचा; पण तिथला मच्छर रात्री मोहल्ल्यात शिरताना कुणाचा बांध विचारीत नाही.

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना मच्छराच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. तोवर तापाला ‘वाईट हवा’ जबाबदार होती, म्हणजे कुणीच नव्हते. त्यानंतर साचलेल्या पाण्याला मालक शोधणे भाग पडले. मुंबईत तर डॉ. बेंटले यांनी 1911 च्या अहवालात मलेरियाचे मूळ खासगी विहिरींत दाखवले. विहिरी झाका, बुजवा म्हटल्यावर मालक बिथरले. काहींनी धर्माचा आधार घेतला. आम्हाला त्यांचे हसू येत नाही. विहीर त्यांची होती, त्यांच्या श्रद्धेचीही होती. पण ताप शेजाऱ्याला येत होता.

विहीर झाकता येते. धानाची बांधी कशी झाकणार? उभे पाणी हा शेतकऱ्याचा गुन्हा नव्हे, धानाची गरज आहे. त्याच बांधीतला तांदूळ आमच्या हंडीत शिजतो. भात आम्हाला आणि दंड त्याला, हा कुठला इन्साफ?

तरीही शेतकरी अगदीच मोकळा सुटत नाही. उबदार दिवसांत अंड्यापासून मच्छर उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात. मधेच पाणी उतरवून बांधी दोन-तीन दिवस वाळू दिली तर अळ्या मरतात. चीनच्या हेनान प्रांतात हा उपाय करून पाहिला गेला आहे. मात्र मोटार किंवा कालव्याचे पाणी हाताशी असेल त्यालाच हे जमेल. पावसाच्या भरवशावरचा माणूस आज सोडलेले पाणी उद्या कुठून आणणार? म्हणून आमच्या मते जबाबदारी सातबाऱ्यावरून ठरू नये. पाण्याची कळ कुणाच्या हाती आहे, यावरून ठरावी. आणि जिथे पीकच नाही, नुसता खड्डा वर्षानुवर्षे तुंबला आहे, तिथे कसली सबब? 1860 च्या दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाचे कलम 268 होते. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत ते 270 झाले. दोन्हींत केलेल्या कृतीबरोबर बेकायदा कसूरही धरली आहे. गप्पी मासे सोडायलाही काय मोठा खर्च येतो?

गुंता होतो तो ठेक्याच्या शेतीत. मालक शहरात, बांध फुटका, मोटार ठेकेदाराची. रोवणीच्या बाया दिवसभर चिखलात वाकतात आणि रात्री त्याच पाण्याजवळच्या घरात निजतात. जमीन त्यांची नाही, कळही त्यांच्या हाती नाही; ताप आला की रोजी मात्र त्यांचीच बुडते. ठेका ठरताना बी, खत, विजेचे बिल कोण भरणार, हे बोलले जाते. मच्छरदाणीचा विषय आम्ही तरी कधी निघालेला ऐकला नाही.