घरी आजारपण आणि सुट्टीचा बेत



मे महिन्याच्या सुट्टीत कोण कुठे जाणार याची बोलणी आपल्या गावांत ईस्टरच्या आधीपासूनच सुरू होतात. कोणी गोव्याला, कोणी वेलंकनीला, कोणी माथेरानला, आणि काहीच जमले नाही तर मुले मामाकडे. अशा दिवसांत ज्या घरात नुकतीच कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्या घराने काय करावे? सुट्टीचा विचार मनात आणणे त्यांना शोभते का? प्रश्न किरकोळ वाटेल. पण माणसे हा प्रश्न मोठ्याने विचारत नाहीत, मनात ठेवून कुढत बसतात, म्हणून आज त्याच्याविषयी लिहीत आहोत.

गेल्या वर्षी एका गृहस्थांनी तो आम्हाला सरळ विचारला. (पापनिवेदनात नव्हे, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या ओट्यावर. पतिपत्नी दोघांनीही लिहायला संमती दिली आहे.) उपवासकाळात त्यांच्या पत्नीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. त्याच आठवड्यात साडूचा फोन आला. मे महिन्यात दोन्ही कुटुंबांनी मिळून आठवडाभर गोव्याला जायचे, हे नाताळातच ठरले होते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, त्यामुळे तिकिटे काढायची तर लगेच काढायला हवी होती. यांनी भावनेच्या भरात काढलीही. आणि मग रात्रभर झोप नाही. "फादर, बायको अंगाला नळी लावून पडली आहे आणि मी गोव्याची तिकिटे काढतो. हे पाप आहे का?"

पाप नाही, असे आम्ही तिथल्या तिथे सांगितले. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडे एक विचित्र रीत पडली आहे. घरात 'कॅन्सर' हा शब्द आला की त्या दिवसापासून सुतक. टीव्ही बंद, मुलांचे हसणे बंद, वाढदिवसाचा केक बंद. शेजारीण येते ती डोळ्यांना पदर लावूनच. आजारी बाई खाटेवरून हे सारे बघत असते. ती जिवंत आहे, आणि तिच्याभोवती घर मात्र तिच्या मागे राहिलेल्यांसारखे वागते आहे. याला आपण प्रेम म्हणतो. त्यात प्रेम असतेही, पण लोक काय म्हणतील याची भीती त्याहून जास्त असते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण इतकी कोरडी नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना तो भाग वाचून वर्गात हशा पिकला होता, कारण एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने रडणे, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या जोडीला आनंद, झोप आणि चक्क आंघोळही सांगितली आहे! दुःख शरीराला थकवते, म्हणून शरीराला आराम मिळाला की दुःखही हलके होते, असा त्यांचा साधा विचार. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी त्यांनी खेळ आणि विरंगुळा यांना सद्गुणाच्या पंक्तीत बसवले आहे, आणि संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. शिष्यांबरोबर खेळताना योहानाला पाहून काही लोक बिचकले. योहानाने त्यांच्यातल्या धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडायला सांगितले, आणि असे सतत करता येईल का, असे विचारले. तो म्हणाला, धनुष्य मोडेल.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आतड्यातील गाठ जुलै १९९२ मध्ये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी जागतिक रुग्णदिनाची घोषणा केली होती. आणि शस्त्रक्रियेनंतर ऑगस्टमध्ये ते विश्रांतीसाठी उत्तर इटलीच्या डोंगरांत गेले. तेव्हा आजारानंतर हवापालट हे काही पाश्चात्त्य चोचले नव्हेत, आणि ख्रिस्ती माणसाला न शोभणारे तर नव्हेतच.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती बेत कोणाच्या शरीराभोवती आखला जातो आणि कोण आखतो, यात.

ॲरिस्टॉटलने म्हटले आहे, ते त्याच्या शब्दांत नाही पण आशय असा, की माणूस विचारविनिमय करतो तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींचाच. त्या घरात काय हातात होते ते पाहू. शस्त्रक्रियेनंतर काखेजवळची नळी किती दिवस राहील, हे त्यांच्या हातात नव्हते. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले आणि त्यावरून पुढचे उपचार ठरले: आठ केमो, दर तीन आठवड्यांनी एक, आणि नंतर रेडिएशन, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज रुग्णालयाची वारी. केमो एप्रिलच्या अखेरीस सुरू झाले. दुसरा केमो नेमका गोव्याच्या आठवड्यात आला.

आता घरात तीन मते झाली. साडू म्हणाले, केमो आठवडाभर पुढे ढकला, आठवड्याने काय होते. सासूबाई म्हणाल्या, कोणीच कुठे जायचे नाही, देवाने शिक्षा दिली आहे ती मुकाट्याने भोगा. आणि ती स्वतः म्हणाली, "तुम्ही जा, मुलांना घेऊन. मी आईंबरोबर राहते."

साडूंचे मत निकालात काढायला डॉक्टर पुरेसे होते. उपचारांचे वेळापत्रक सहलीसाठी वाकवायचे नसते. सासूबाईंच्या मताला मात्र आम्हीच उत्तर दिले, कारण त्यांनी देवाचे नाव घेतले होते. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ते आहे, घरी काढून वाचावे. आजी काही बोलल्या नाहीत, पण चहा परत विचारला.

"तुम्ही जा" याचे काय करायचे? आपल्या घरांतल्या स्त्रिया हे दोन शब्द तीन अर्थांनी वापरतात. कधी खरेच जा, मला चार दिवस शांतपणे पडू द्या, असा अर्थ असतो. कधी जाऊ नका, असा असतो. आणि बहुतेक वेळा, मला अजून एकदा विचारा, असा असतो. नवरे पहिल्यांदा ऐकतात आणि आपल्याला हवा तो अर्थ घेतात. आम्ही त्या गृहस्थांना एवढेच म्हटले की तुम्ही तिला अजून विचारलेले नाही. तुम्ही तिला बेत सांगितलात, आणि तिने त्यातून स्वतःला वजा केले. लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे जे वचन दिले, त्यात तिच्या वतीने ठरवण्याचा अधिकार मिळालेला नाही. आजारी जोडीदार म्हणजे सामान नव्हे, की बरोबर न्यायचे की घरी ठेवायचे, एवढाच प्रश्न उरावा.

आणि तिकिटांचे पैसे? ते गेले तर गेले. आम्ही हे सहज म्हणत नाही, रजा आणि पैसा दोन्ही त्या घरात मोजकेच उरले होते. पण जे पैसे काही केले तरी परत येणार नाहीत, त्यांच्यासाठी माणसाने पुढचा निर्णय चुकवू नये.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. आजारी माणसाला मागे ठेवून घरच्यांनी कधीच बाहेर पडू नये, असे आम्ही म्हणत नाही. सेवा करणाऱ्याचेही धनुष्य मोडते. नवरा एक दिवस मुलांना घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेला, तिच्याजवळ तिची बहीण थांबली, तर त्यात काय वाईट? मुलांना तर ते हवेच. सहावीतल्या मुलीला तीन महिने कोणी नीट सांगितले नव्हते की आईला काय झाले आहे, आणि ती समजून होती की आपण अभ्यास केला नाही म्हणून आई आजारी पडली. हे तिने वडिलांना सांगितले ते अशाच एका संध्याकाळी, वाळूत बसून. घरात बोलायला तिला जागाच नव्हती.

तिला पुन्हा विचारल्यावर काय उत्तर आले? तिला गोवा नको होता. तिला चार दिवस माहेरी जायचे होते, तेही काही न करता झोपायला. आणि मग जमले तर नाशिकला, बाळ येशूच्या मंदिरात. म्हणजे पंधरा मिनिटांत बेत तयार झाला, जो दोन महिने कोणाला सुचला नव्हता. डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की केमोनंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा गर्दीत जाऊ नये. तिसऱ्या आठवड्यात तब्येत बरी असते, पण रक्त तपासून मगच निघा. ताप आला तर देवदर्शन राहू द्या आणि सरळ रुग्णालय गाठा. गर्दीचा रविवार टाळून मेच्या अखेरीस आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन रात्री ते नाशिकला जाऊन आले. गाडीचा पट्टा टाक्यांवर दाबू नये म्हणून तिने मध्ये एक लहान उशी धरली होती. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताने तिने काही उचलायचे नव्हते, तेव्हा पिशव्या मुलाने घेतल्या. परत आल्यावर गावात एक-दोघी म्हणाल्याच, "आजारी बाई, आणि हिंडते कशी!" त्यांना आम्ही ओळखतो. त्यांनीही हे पान वाचावे.

संत याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू असे ठरवणाऱ्यांना फटकारले आहे. पुष्कळांना वाटते, याचा अर्थ बेतच आखू नयेत. पण तिथे राग आहे तो बढाईवर. संत मार्कच्या सहाव्या अध्यायात स्वतः प्रभूने दमलेल्या प्रेषितांना एकांतात विश्रांतीला नेण्याचा बेत केला. होडीत बसले, पलीकडे गेले, तर लोक आधीच पोहोचलेले! विश्रांती मोडली. प्रभूने लोकांवर चिडचिड केली नाही, आणि विश्रांतीचा बेत मुळातच चुकला होता, असेही कुठे लिहिलेले नाही. नाशिकचा बेतही मोडू शकला असता. रक्ताचा रिपोर्ट निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आला, तोवर पिशवी अर्धीच भरून ठेवली होती.

आता नवसाविषयी, कारण खरा पेच तिथे होता आणि तो ऑगस्टमध्ये उघड झाला. शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्णालयाच्या जिन्यात बसून या गृहस्थांनी नवस केला होता की ती वाचली तर आठ सप्टेंबरच्या सणाला सगळे कुटुंब, तिच्यासकट, वेलंकनीला येईल. नऊ दिवसांचे नोव्हेना एकोणतीस ऑगस्टला ध्वज चढवून सुरू होते, लाखांची गर्दी असते, आणि रेल्वेचा प्रवास दोन-दोन दिवसांचा. आठ सप्टेंबर तिच्या सातव्या आणि आठव्या केमोच्या मध्ये येत होता. डॉक्टर नाही म्हणाले. नवरा घाबरला, नवस मोडला तर आजार उलटेल. तिला वाटू लागले की आपल्यामुळे नवरा देवाचा ऋणी राहतो आहे.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यात हा विषय पुरेसा स्पष्ट आहे. नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचे देवाला विचारपूर्वक व मोकळेपणी दिलेले वचन (कलम ११९१). जिन्यात रात्री दोन वाजता विचार किती होता, तो प्रश्न बाजूला ठेवू. नवस स्वभावतःच करणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाही (कलम ११९३). म्हणजे तिच्या शरीराच्या वतीने बोललेला नवस तिला क्षणभरही बांधत नव्हता. आणि करणाऱ्यालाही, योग्य कारण असेल तर, धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू अशा खासगी नवसातून मोकळे करू शकतो (कलम ११९६), किंवा तो दुसऱ्या सत्कृत्यात बदलता येतो. हे नियम शतकानुशतकांच्या अनुभवातून आले आहेत. देव सावकार नाही, हे चर्चला ठाऊक आहे. माणूस त्याला सावकार समजतो, हेही ठाऊक आहे. ज्यांच्या मनावर असे ओझे असेल, त्यांनी कार्यालयात निःसंकोच यावे, त्यासाठी वेळ घ्यावी लागत नाही.

त्या गृहस्थांचा नवस आम्ही बदलून दिला. नोव्हेनाच्या नऊ दिवसांत त्यांनी घरापासून चर्चपर्यंत पहाटेच्या मिस्साला चालत यायचे, आणि परत जाऊन त्या दिवसाचा स्वयंपाक स्वतः करायचा. पहिल्या दोन दिवसांच्या भाताविषयी मुलांची तक्रार होती, असे कानावर आले.

सणानंतर ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या बाईंना सांगितले की यजमानांचा नवस आता फिटला, तुम्ही निश्चिंत राहा. डोक्यावरचा रुमाल नीट करत त्या हसल्या. "यांचा फिटला, फादर. माझा मी वेगळा बोलले आहे. कुठला, ते विचारू नका." आम्ही विचारले नाही.