रोगापूर्वीचे पथ्य

पथ्य हा शब्द मराठीत आजाऱ्याच्या अंथरुणाशी बांधलेला आहे. ताप आला की पथ्य आले, ताप उतरला की पथ्य सुटले. घरातील वडील माणसे ते पाळावयास लावीत आणि आजारीही, सुटकेचा दिवस जवळच आहे हे ठाऊक असल्यामुळे, फारशी कुरकुर न करता ते पाळीत असे. परंतु ज्याला कोणताही रोग झालेला नाही, ज्याला भूक उत्तम लागते, झोप शांत येते आणि ज्याचे कचेरीचे काम बिनबोभाट चालले आहे, अशा माणसाला कागदावरील एका आकड्याच्या आधारे आयुष्यभराचे पथ्य सांगावयाचे, हा प्रकार आमच्या पिढीच्या वाट्याला नव्याने आला आहे. प्रश्न वैद्यकाचा आहे यात शंका नाही; परंतु वैद्यकाने आपले उत्तर दिल्यानंतरही त्यातला जो भाग शिल्लक राहतो तो नीतीचा आहे असे आम्हांस वाटते, आणि त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक असली आणि पुन्हा तपासूनही ती तशीच आढळली, तर डॉक्टर तिला मधुमेह म्हणतात. १०० ते १२५ या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था असे नाव आहे. हा झाला अमेरिकेतील तज्ज्ञांचा निकष; जागतिक आरोग्य संघटना हाच पट्टा ११० पासून मोजते. म्हणजे उपाशीपोटी १०५ आकडा आलेला गृहस्थ एका निकषाने धोक्यात आहे आणि दुसऱ्याने निर्धोक. सीमारेषा माणसांनीच आखलेल्या असतात हे सरकारी नोकरांस समजावून सांगावयास नको. परंतु रेषा कोठेही आखली तरी तिच्या अलीकडचा उतार खराच असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक या पूर्वावस्थेत आहेत. उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या आत गेलेल्यांहून मोठी आहे.

या उंबरठ्यावरून मागे फिरता येते काय? फिनलंडमध्ये २००१ साली आणि अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांनी याचे आशादायक उत्तर दिले. वजनात माफक घट आणि नियमित व्यायाम एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतील प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि वजनात सात टक्के घट हे लक्ष्य होते. औषधाची गोळी घेणाऱ्यांत घट ३१ टक्केच दिसली. आपल्याकडे चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ साली आला. तेथे काहीच विशेष न करणाऱ्यांपैकी तीन वर्षांत शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला; आहार व व्यायाम सांभाळणाऱ्यांत हा आकडा सुमारे ३९ वर राहिला.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. चेन्नईच्या आकड्यांचा अर्थ असाही आहे की पथ्य पाळूनही शंभरातील ३९ जणांना रोग झाला आणि न पाळताही ४५ जण त्या तीन वर्षांपुरते सुटले. मग कोणी म्हणेल, ज्या कर्माचे फळ हमखास नाही त्यासाठी आजचे सुख का सोडावे? या युक्तिवादाला तुच्छतेने झटकून टाकू नये. तो आळशी माणसाचाच असतो असे नाही. कित्येकदा तो हिशेबी माणसाचा असतो. परंतु हिशेबच करावयाचा तर तो पुरा करावा. चीनमधील दाचिंग येथे १९८६ साली सुरू झालेल्या प्रयोगातील लोकांचा तीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह सरासरीने सुमारे चार वर्षे उशिरा आला आणि हृदयविकाराचे प्रमाणही कमी राहिले. चार वर्षांची मुदतवाढ ही मुक्ती नव्हे. परंतु डोळे, मूत्रपिंडे आणि पायांतील संवेदना यांची हानी वाढलेल्या साखरेच्या वर्षांनुसार होत जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चार वर्षांची किंमत कळते. शिवाय फळाची हमी मिळाल्यावरच कर्तव्य करावयाचे असा नियम आपण अन्यत्र कोठे पाळतो? मुलांच्या शिक्षणात, शेतात किंवा राज्यकारभारातही तो चालत नाही.

दुसरा मुद्दा दोषाचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. साखर वाढली असे कळताच घरातील व बाहेरील माणसे त्या मनुष्याकडे गुन्हेगार म्हणून पाहू लागतात. "खाण्यावर ताबा नव्हता" असे सहज म्हटले जाते. यातील अन्याय पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने चांगला दाखवून दिला आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपले व लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय मूल जन्मतःच अंगाने किरकोळ परंतु चरबीचा वाटा राखून असते, आणि त्याचे एक कारण आईच्या गर्भकाळातील पोषणात शोधावे लागते, असे पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून त्यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. आजच्या आकड्याची काही मुळे अशी आपल्या जन्मापूर्वीची असतील, तर त्या भागाचा दोष आपल्याला कोणत्या न्यायाने लावावा?

परंतु दोष नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे मात्र ठरत नाही. बदलीवर नव्या गावी रुजू झालेल्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी पूर्वाधिकाऱ्याची थकलेली प्रकरणे मिळतात. ती त्याने थकविलेली नसतात. तरीही कार्यभार स्वीकारल्याच्या कागदावर सही केली की ती त्याची होतात, आणि "हे माझ्या वेळचे नव्हे" हे उत्तर फार दिवस शोभत नाही. देह हा असाच वारसाने आलेला कार्यभार आहे. त्याच्या थकबाकीबद्दल आपण अपराधी नाही, परंतु उत्तरदायी आहोत. हा भेद मनात स्वच्छ असला म्हणजे पथ्यातला लाजेचा भाग गळून पडतो. आणि लाज गेली की निम्मे लपवणे, चोरून खाणे व स्वतःशी खोटे बोलणेही जाते.

तरीही सर्व कळून वळत का नाही, हा प्रश्न उरतोच. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात इच्छाशक्तीच्या दुबळेपणाची चर्चा करताना नेमके गोड पदार्थाचेच उदाहरण घेतले आहे, ही गोष्ट आम्हांस मोठी मार्मिक वाटते. गोड तेवढे चाखावे आणि हे समोरचे गोड आहे, अशी दोन वाक्ये मनात जुळली की हात पुढे होतो. ते हितकर नाही हे तिसरे ज्ञान त्या क्षणी जागे नसते. आपल्याकडे कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय अशी दोन नावे देऊन निवडीचा हाच प्रसंग नचिकेत्यापुढे ठेवला. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की, ज्ञान झोपी जाण्याचा क्षण ठाऊक असेल तर त्या क्षणाच्या भरवशावर व्रत बांधू नये. निर्णय ताटापुढे घ्यावयाचा नसतो. तो बाजारात पिशवी भरताना घ्यावयाचा असतो.

मुलुखाबाहेर राहणाऱ्या आपणांपैकी अनेकांना या निवडीत आणखी एक अडचण येते. परमुलुखात पुरणपोळी ही केवळ पोळी राहत नाही. कलकत्त्याला किंवा लखनौला गणेशोत्सवात मंडळाच्या पंगतीत मोदक वाढला जातो, तेव्हा त्याबरोबर आजोळ, गल्ली आणि बालपण वाढले जाते. तो नाकारणे म्हणजे आपल्या माणसांना नाकारणे असे वाटते. त्यात पाहुणचाराची स्थानिक रीत मिळते. बंगाली घरी संदेश पुढे येतो, उत्तरेकडे दिवाळीला मिठाईचे डबे येतात, आणि कचेरीत बढती, बदली, निवृत्ती यांतील एकही प्रसंग कोरडा जात नाही. या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपण मुलुखातून निघताना सणाचे अन्न बरोबर आणले आणि रोजचे मागे ठेवले. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची पालेभाजी, पिठले, कोशिंबीर यांचे ताट पीठ मिळत नाही, भाकरी थापावयास वेळ नाही या सबबींवर हळूहळू सुटले. जे वर्षातून चार वेळां होत असे ते आठवड्यातून एकदां होऊ लागले. सण नित्याचा झाला की त्याचे सणपण जाते. तेव्हा पथ्य पाळणारा मनुष्य घराची आठवण सोडीत नाही, तिचा मागे राहिलेला अर्धा भाग परत आणतो, असे आम्ही म्हणू. अर्थात भाकरीतही पिष्ट आहेच, आणि चार भाकऱ्या खाऊन साखर उतरत नाही. डाळी-उसळी व भाज्या यांचा वाटा वाढवून धान्याचा वाटा कमी करणे हे त्यातील मर्म आहे. गुळाला साखरेहून निरुपद्रवी मानण्याची समजूतही येथे उपयोगाची नाही.

चहाचा हिशेब तर प्रत्येकाने एकदां कागदावर मांडावा. दिवसाला सहा पेले आणि प्रत्येकी दोन लहान चमचे साखर धरली तर सुमारे पन्नास ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी श्रेयस्कर मर्यादा सुचविली ती साधारणतः पंचवीस ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे एका लाडवालाही हात न लावता आपण तिच्या दुप्पट गेलेले असतो. चरकसंहितेने तर प्रमेहाची कारणे सांगताना दही, गूळ, नवे धान्य यांच्याही आधी बसण्याचे व झोपेचे सुख सांगितले आहे. खुर्चीवर उपजीविका करणाऱ्या आम्हां लोकांना यावर टीका करण्यास जागा नाही. स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली हा स्वस्त आणि कोठल्याही बदलीच्या गावी मिळणारा उपाय आहे.

शेवटी न्यायाचा एक मुद्दा. सुश्रुताने निर्धन प्रमेह्याला अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावयास सांगितले. ते पथ्य कठोर असले तरी त्याचा भार ज्याचा त्यानेच वाहावयाचा होता. आजच्या मध्यमवर्गीय घरात साहेबांचे पथ्य बहुधा बाईंच्या अंगावर पडते. त्यांच्यासाठी वेगळी भाजी, मुलांसाठी वेगळी, आणि स्वतःची तपासणी राहूनच जाते. एकाच्या संयमाचे श्रम दुसऱ्याने करावेत यात नीती कोठे आहे? घराचे ताट एकच करावे, भाजी चिरावयास आणि शतपावलीस दोघांनी मिळून जावे, आणि रक्ताची तपासणीही दोघांची व्हावी. वेगळे ताट संपले की पथ्य हा शब्दही घरातून हळूहळू मावळतो आणि साधे जेवण उरते.

पंगतीतील आग्रहाचाही यजमानाने असाच फेरविचार करावा. पाहुण्याने एकदां "पुरे" म्हटल्यावर तो शब्द मानणे हाही पाहुणचारच आहे. आणि पाहुण्यानेही तिळगुळाचा एक दाणा आनंदाने घ्यावा, त्याचे प्रायश्चित्त करीत बसू नये. पथ्य हे काही मोक्षाचे साधन नव्हे. ज्या वर्षांत नातवंडांना आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे आणि आपल्या पायांनी गावी परतावयाचे आहे, त्या वर्षांविषयीचे ते आपले आजचे सौजन्य आहे, एवढेच आमचे म्हणणे.