पाण्याला वाट

जून तोंडावर आला की मुंबईच्या उपनगरांत घरोघरी एक बदली होते. चामड्याचे बूट माळ्यावर जातात आणि प्लॅस्टिकच्या पावसाळी सँडल खाली येतात. इथल्या पावसात पाय भिजणारच, तेव्हा लवकर वाळेल असं काहीतरी घालावं, हे घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण हाच माणूस डोंगरात जायला नवे ट्रेकिंग शूज घ्यायला निघाला, की दुकानात त्याचा पहिला प्रश्न असतो, “वॉटरप्रूफ आहेत ना?” आणि उत्तर ‘हो’ आलं, की तो खुशीने चार पैसे जास्त मोजतो.

पाणी अडवणारा आणि तरी ‘श्वास घेणारा’ बूट ही थंड मुलखातली गरज. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा सच्छिद्र पापुद्रा तयार केला. अशा बुटांच्या अस्तरात असाच पापुद्रा असतो. छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा थेंब त्यांतून आत शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. पण वाफ बाहेर पडते ती आतल्यापेक्षा बाहेरची हवा कोरडी असेल तर. जुलैत आपल्याकडे हवाच पाण्याने जड झालेली असते. मग वाफेने जायचं कुठे? बाहेरून थेंबही न शिरता मोजे आतूनच ओले होतात.

आणि ओढ्यांचं काय? खांडसहून भीमाशंकर चढणाऱ्याला विचारा. पावसाळ्यात वाटेवर जागोजागी पाणी आडवं येतं, घोट्याच्या वर चढतं आणि सरळ बुटाच्या तोंडातून आत उतरतं. जो बूट पाणी आत येऊ देत नाही, तो आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. मग उरलेला दिवस दोन्ही पायांत एकेक भरलेला तांब्या घेऊन चालल्यासारखं चालायचं. सह्याद्रीत मुरलेले कितीतरी लोक साधे कापडी, ओल्या कातळावर पकड घेणारे ‘ॲक्शन’चे शूज पसंत करतात, ते काही नुसते स्वस्त म्हणून नव्हे. त्यांतलं पाणी चालता चालता निथळून जातं. काही जण तर नवा जोड आधी स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे नेतात आणि तळाला सगळीकडून शिलाई मारून घेतात. नुसत्या चिकटवणीवर चिखलात भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी पावसाळ्यात पाहावीत. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वाट्याला हाच पाऊस होता. कातळावरून धो धो येणारं पाणी अडवायच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी खडकात पन्हळी कोरल्या आणि ते पाणी लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरवलं. त्याच पाण्यावर मग उन्हाळा काढला. नव्या बुटाची काळजी घेणाऱ्याला माझ्या मते स्प्रेच्या डबीवरच्या सूचनांपेक्षा त्या पन्हळी जास्त शिकवतात.

स्प्रे, मेण, तेल हे सगळं निरुपयोगी आहे असं मात्र नाही. चामड्याचा बूट असेल तर पाणी पहिल्यांदा शिवणीच्या भोकांतून शिरतं. तिथे मधमेण चोळून बसवलं तर फरक पडतो. आपल्याकडे शेतकरी नव्या करकरीत वहाणांना तेल पाजत आले, त्यामागे हाच हिशेब: चामडं मऊ पडतं, पायाला चावत नाही आणि पाणीही कमी पितं. पण तेलाचा अतिरेक झाला की चामडं लिबलिबीत होऊन आकार सोडतं. मखमली पृष्ठाच्या चामड्याला तर मेण लावूच नये, त्याचा पोत जातो. त्याला स्प्रेच बरा. स्प्रेतही फ्लोरिनची जुनी रसायनं नसलेला निवडावा. ती निसर्गात विघटित होत नाहीत, आणि ज्या झऱ्याचं पाणी आपण ओंजळीने पितो त्याच झऱ्यात आपले बूट बुडत असतात.

पण खरी कसोटी रविवारी रात्री, घरी आल्यावर. पाय दुखत असतात, सकाळची लोकल डोळ्यांपुढे असते आणि बूट तसेच ओले, चिखलासकट दाराबाहेरच्या रॅकमध्ये ढकलले जातात. दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. खरं तर काम थोडंसंच आहे. चिखल धुवायचा, आतला तळवा उपसून काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते ओले झाले की बदलायचे आणि बूट पंख्याखाली ठेवायचे. कडक उन्हात किंवा फ्रिजच्या मागच्या गरम जाळीला टेकवून नकोत. चिकटवण सुटते, चामडं तडकतं.

बुटांचा आणखी एक शत्रू आहे, आणि तो पावसात भेटत नाही. बऱ्याच चांगल्या बुटांच्या तळाचा मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल त्याच्या रेणूंचे बंध हळूहळू तोडत राहते. वरून काही दिसत नाही. चार-पाच वर्षं जपून ठेवलेला, जेमतेम वापरलेला जोड एखाद्या डिसेंबरात बाहेर निघतो आणि हरिश्चंद्रगडाच्या निम्म्या चढावर त्याचा तळ चुऱ्यासारखा गळू लागतो. मग सुतळीने बांधून उतरायचं. बूट अधूनमधून पायात राहिला, तर चालण्याच्या दाबाने तळ मोकळा राहतो आणि त्याचं आयुष्य वाढतं. खोक्यात बंद राहिला, की तो आतल्या आत विरतो.

तेव्हा मे महिन्यातच ते बूट खाली काढावेत. सकाळच्या फेरीला, भाजीला, झालंच तर शनिवारी अंधेरीच्या ऑफिसलाही घालून जावं. इस्त्रीच्या पँटीखाली ते जरा विचित्र दिसतात, हे खरं. लिफ्टमध्ये शेजारचे काका विचारतीलच, “आज कुठला गड?” त्यांना सांगावं, मंडईत चाललोय, कोथिंबीर संपली आहे.