धर्म जुना असला म्हणजेच खरा काय?



‘आमचा धर्म फार प्राचीन, म्हणून तो श्रेष्ठ,’ असे आपण पुष्कळदा ऐकतो. नव्या धर्मात आलेल्या माणसाला तर हे मुद्दाम ऐकवले जाते. हा युक्तिवाद इंग्लंडातील एका उदाहरणावर घासून पाहू.

पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून हजारो माणसे मारली गेली. त्यांत स्त्रियाच अधिक. मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ साली मांडले की, हे लोक ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या एका गुप्त धर्माचे अनुयायी होते. इंग्लंडातील चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. मग १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून सांगितले की, तो धर्म अजून जिवंत आहे. त्यातूनच ‘विक्का’ हा पंथ वाढला.

ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी या दाव्याची कसून तपासणी केली व १९९९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अखंड परंपरेचा पुरावा त्यांना सापडला नाही. एकोणिसाव्या शतकातील काव्य, फ्रीमेसन मंडळांचे विधी आणि लोककथांचा अभ्यास यांतून हा धर्म विसाव्या शतकात घडला, असे त्यांनी दाखवले. ९० लाख चेटकिणी मारल्या गेल्या, हा लोकप्रिय आकडाही टिकत नाही. आजचे इतिहासकार तो ४० ते ६० हजार मानतात.

मग हटन यांनी या लोकांचा घात केला काय? मुळीच नाही. त्यांनी त्यांची टर उडवली नाही. उलट, इंग्लंडने जगाला दिलेला हा एकमेव धर्म, असा त्याचा गौरव केला. काही अनुयायी रागावले. परंतु अनेकांनी सत्य मानले आणि आपली श्रद्धाही सोडली नाही.

येथे विचार करा. ९० लाखांऐवजी ४० हजार म्हटल्याने अन्याय लहान होतो काय? एका निरपराध बाईला फासावर चढवले, तरी तो अन्याय पूर्णच असतो. फुगवलेला आकडा मात्र उघडा पडला की विरोधकाला खऱ्या दुःखावरही हसण्याची संधी मिळते.

तीच गोष्ट धर्माच्या वयाची. धर्म माणसाला कसे वागायला शिकवतो, ही त्याची कसोटी. चेटकिणींना मारणाऱ्यांचा धर्म शेकडो वर्षे जुना होता. त्या वयाने त्यांचे हात स्वच्छ झाले नाहीत.

म्हणून मुलांना आपला इतिहास सांगताना पुराव्याबाहेर एक शब्दही वाढवू नका. खऱ्याला भर घालावी लागत नाही.