वेष आणि चव्हाटा

मनुष्याच्या पोशाखासंबंधी विचार करावयाचा तो शिंप्याने, कापडाच्या व्यापाऱ्याने किंवा फार तर घरातील वडीलधाऱ्यांनी. तत्त्वविचार करणाऱ्याने त्यात पडण्याचे कारण नाही, असा आमचा बरीच वर्षे समज होता. तो ज्या एका लहानशा प्रसंगाने मोडला तो प्रसंग प्रथम सांगितला पाहिजे. कारण त्यातील दोषाचा काही वाटा आमच्याही पदरी येतो.

काही वर्षांपूर्वी, सायंकाळच्या वेळी, आम्ही आगगाडीने घरी परतत होतो. समोरच्या बाकावर खिडकीशी एक व्यक्ती बसली होती. अंगावर फिक्या निळ्या रंगाचे साधे पातळ, मांडीवर पिशवी, केस नीट विंचरलेले. एखाद्या शाळेतील शिक्षिका असावी असा एकंदर देखावा. थोड्या वेळाने पलीकडच्या दोघा तरुणांत कुजबुज झाली, एकाने दुसऱ्यास कोपराने ढोसले आणि दोघांची दृष्टी त्या व्यक्तीच्या हातांवर जाऊन खिळली. आमचीही तेथेच गेली. मनगटे रुंद होती, बोटे जाड होती. समोर पातळ नेसून बसलेला तो पुरुष होता, हे आमच्या ध्यानात आले. त्याने हात पदराखाली घेतले. एका तरुणाने फोन हळूच वर उचलला. इतक्यात पुढचे स्टेशन आले व एक पोलीस शिपाई डब्यात चढला. त्याने कोणाकडे पाहिलेसुद्धा नाही. दाराशी टेकून तो जांभई देत होता. पण ती व्यक्ती चटकन उठली आणि दुसऱ्या दाराने उतरून गेली. गाडी हलली तेव्हा ती फलाटावरील बाकावर, पुढच्या गाडीची वाट पाहत, खाली मान घालून बसलेली दिसली. तिला त्या स्टेशनावर उतरावयाचे नव्हते हे उघड होते.

कोणी तिला एक शब्द बोलले नाही, कोणी हात लावला नाही. कोणत्याही न्यायालयात त्या डब्यातील कोणावर फिर्याद होऊ शकली नसती. आणि तरीही एका निरुपद्रवी माणसास आम्ही सर्वांनी मिळून गाडीतून खाली उतरविले होते. मिल्लचा स्वातंत्र्यावरील १८५९ सालचा निबंध आम्ही वर्गात अनेक वेळा शिकविला आहे. राजसत्तेच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम अधिक खोल जातो, हे त्यातील प्रतिपादन विद्यार्थ्यांना समजावून सांगताना, तो जुलूम नुसत्या डोळ्यांनीही करता येतो हे आमच्या कधी मनात आले नव्हते.

आश्चर्य हे की, ज्या वेषामुळे त्या माणसाला गाडी सोडावी लागली त्याच वेषावर महाराष्ट्राने एके काळी जीव ओवाळून टाकला आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेव्हापासून पुढे कित्येक दशके आमच्या नाटकांतील नायिका म्हणजे पुरुषच होते. १९०५ साली शकुंतला म्हणून उभे राहिलेले आणि १९११ साली 'मानापमाना'त भामिनी झालेले बालगंधर्व यांची पातळ नेसण्याची आणि केशरचनेची तहा घरंदाज स्त्रियांनी उचलली, हे प्रसिद्धच आहे. त्यात कोणास अनीती दिसली नाही; उलट आम्ही ते आमच्या संस्कृतीचे भूषण मानतो. मग नाटकगृहातील वेष भूषण आणि आगगाडीतील वेष लांच्छन, हा भेद आला कोठून?

याचे उत्तर आमच्या मते वेषात नसून प्रेक्षकाच्या मनात आहे. नाटकगृहात शिरणाऱ्याच्या हाती जाहिरातीचा कागद असतो. समोरची भामिनी कोण, तिचे खरे नाव काय, पडदा पडल्यावर ती पुरुषाच्या पोशाखात घरी जाणार, हे सारे त्याला आधीच ठाऊक असते. त्या खात्रीच्या जोरावर तो निर्धास्तपणे मुग्ध होतो. रस्त्यावर असा कागद कोणी वाटीत नाही. तेथे पाहणाऱ्याची खात्री डळमळते, आणि आपली खात्री डळमळली की मनुष्य ती समोरच्याकडून वसूल करू पाहतो. तमाशातील नाच्याची गोष्ट पाहा. फडावर त्याच्या मुरडण्याला टाळ्या पडतात. पण फडाबाहेर त्याची सुटका होत नाही. मराठी चित्रपटांतून नाच्याच्या भूमिका करून नाव मिळविणारे गणपत पाटील हे चांगले संसारी गृहस्थ. पण त्यांनाही पडद्याबाहेर लोकांच्या कुत्सित नजरेला तोंड द्यावे लागले. टाळी वाजविणारा हात आणि बोट दाखविणारा हात एकच असतो.

हीच वसुली जेव्हा राजसत्ता करू लागते तेव्हा तिचे स्वरूप कसे होते, याची उदाहरणे इतिहासात हवी तितकी आहेत. लंडनमध्ये २८ एप्रिल १८७० रोजी बोल्टन आणि पार्क नावाचे दोन तरुण स्त्रीवेषात नाटक पाहून बाहेर पडत असता पकडले गेले. रात्रीच्या त्याच पोशाखात दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायाधीशापुढे उभे केले, आणि पोलिसांच्या डॉक्टरने त्यांच्या शरीराची तपासणी केली. पुढल्या वर्षी खटला चालून ते निर्दोष सुटले. पण जे उघडे पाडावयाचे ते तोपर्यंत साऱ्या वृत्तपत्रांतून उघडे पडले होते.

त्याच १८७१ साली हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात असे होते की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव 'षंढ' म्हणून चढले आहे असा मनुष्य स्त्रीच्या वेषात वा अलंकारांत सार्वजनिक रस्त्यावर आढळला, किंवा रस्त्यावरून दिसावे या हेतूने अन्यत्र कोठे आढळला, तर त्यास वॉरंटाशिवाय पकडावे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. यातील शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. अपराध चोरीचा नाही, मारहाणीचा नाही. अपराध दिसण्याचा आहे. १८८४ साली अलाहाबादच्या हायकोर्टापुढे आलेला खैरातीचा खटला याच काळातील. स्त्रीवेषात बायकांच्या मेळ्यात गात असता तो आढळला, एवढ्यावरून त्याच्यावर पाळत बसली, सिव्हिल सर्जनकडून त्याचे शरीर तपासविण्यात आले आणि अनैसर्गिक कृत्याबद्दल खालच्या कोर्टात त्यास दोषी ठरविले. कोणते कृत्य, कोणत्या दिवशी, कोठे, कोणाबरोबर, याचा काहीच पत्ता नसल्यामुळे हायकोर्टाने त्यास सोडले. हैदराबाद संस्थानात, ज्यात त्या वेळी आपला मराठवाडाही होता, १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, असाच कायदा झाला. संस्थान गेले, निजाम गेला. पण तो कायदा तेलंगणाच्या हायकोर्टाने २०२३ साली रद्द ठरवीपर्यंत कागदोपत्री जिवंत होता.

आता कोणी म्हणेल, हे सर्व गतकाळाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ साली ३७७ व्या कलमाचा दंश काढला. आणि पुरुषाने स्त्रीवेष घालून रस्त्याने जाऊ नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. मग भय कसले? हा प्रश्न करणाऱ्यास त्या आगगाडीतील माणसाची स्थिती ध्यानात आलेली नाही. स्त्रीवेष घेणारा प्रत्येक पुरुष स्वतःस स्त्री किंवा तृतीयपंथी मानतो असे नाही. ज्यांना हल्ली क्रॉसड्रेसर म्हणतात त्यांपैकी पुष्कळजण एरवी पुरुष म्हणूनच राहतात. कोणी कचेरीत कारकून असतो, कोणी दोन मुलांचा बाप. वेष ही त्यांची कधीमधीची गरज आहे, एवढेच. 'तू कोण?' असे शिपायाने दरडावून विचारले तर त्यांच्यापाशी दाखविण्यासारखे उत्तर नाही. आणि शिपायाने काहीच केले नाही, नुसते नाव लिहून घेतले, किंवा कोणा तिऱ्हाइताने फोनमध्ये छबी टिपून घेतली, तरी ती सकाळपर्यंत कचेरीत, सासुरवाडीत आणि मुलांच्या शाळेत पोहोचू शकते. पूर्वी चव्हाटा गावात एका ठिकाणी असे. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

या बाबतीत दोन आक्षेप प्रामाणिकपणे घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, वेषांतर ही फसवणूक आहे. पण फसवणुकीस फसणाऱ्याचे काहीतरी नुकसान व्हावे लागते. खिडकीशी बसलेल्या माणसाने आमचे काय नेले? आमचा केवळ एक अंदाज चुकला. पोशाख म्हणजे काही प्रतिज्ञालेख नव्हे; केसांना कलप लावून वय लपविणाऱ्या आमच्यासारख्या प्रौढांनी तरी हा आक्षेप घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्त्रियांच्या डब्यात किंवा प्रसाधनगृहात स्त्रीवेषातील पुरुष शिरला तर स्त्रियांनी काय समजावे? हे भय हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आमच्या स्त्रियांना ते अनुभवाने आलेले आहे. येथे महाभारतातील एक प्रसंग उपयोगी पडतो. बृहन्नडा होऊन आलेल्या अर्जुनास विराटाने तसेच अंतःपुरात पाठविले नाही. त्याची परीक्षा करविली, आणि मग मुलींना नृत्यगायन शिकविण्याचे काम दिले. विराटास तो अधिकार होता, कारण मुलींचा सांभाळ त्याच्याकडे होता आणि बृहन्नडेस त्यांच्यातच राहावयाचे होते. परंतु बृहन्नडा राजमार्गाने चालत असती तर तिला अडवून विचारण्याचा अधिकार मत्स्यनगरीतील कोणत्या वाटसरूस होता? तात्पर्य, विचारण्याचा हक्क प्रयोजनातून उत्पन्न होतो, कुतूहलातून नव्हे. जेथे खरे प्रयोजन आहे तेथे सभ्यपणे विचारावे. जेथे ते नाही तेथे प्रश्नही नाही आणि उत्तराचे ऋणही नाही. आणि जेथे कोणी दुष्ट वर्तन करील तेथे शासन त्या वर्तनास व्हावे, पातळास नव्हे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सुचते. रस्त्याने जाताना अंगावर खिळणारी नजर, पाठीमागून येणारी पावले, 'पुढच्या स्टेशनावर उतरून जावे काय' हा विचार, हे सारे प्रत्येक स्त्रीच्या परिचयाचे आहे. म्हणजे स्त्रीवेष घेऊन बाहेर पडणाऱ्या पुरुषास वेषाबरोबर स्त्रीचे भयही नेसावे लागते. डब्यातील स्त्री ज्या अनोळखी पुरुषास भिते त्यालाच तोही भितो. या दोन भयांना एकमेकांसमोर उभे करणे हा आम्हा पाहणाऱ्यांचा सोयीस्कर पक्षपात आहे. कारण दोन्हींचे कारण आम्हीच आहोत.

कायदा बदलणे न्यायालयांच्या हाती होते. त्यांनी आपला वाटा पुष्कळ अंशी उचलला. नजर बदलणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. त्या सायंकाळी आम्ही काय करावयास हवे होते, असे आम्ही स्वतःस अनेकदा विचारले. व्याख्यान देणे नको होते, त्या तरुणांशी भांडणे कदाचित त्या व्यक्तीस अधिकच उघडे पाडणारे झाले असते, आणि सहानुभूतीने तिच्याकडे टक लावून पाहणे हेही पाहणेच झाले असते. आमच्या हाती वर्तमानपत्र होते. मनगटांवरून दृष्टी काढून ती वर्तमानपत्रात घालावी, आणि समोर एक प्रवासी बसला आहे, त्याच्यापाशी तिकीट आहे व त्याला घरी जावयाचे आहे, यापलीकडे काही जाणण्याची इच्छा धरू नये, एवढेच कर्तव्य होते. ते आम्ही केले असते, तर आमच्यापुरती तरी त्या डब्यातील एक नजर कमी झाली असती.