शेजाऱ्याची चूल

मेहकरकडील एका खेड्यातील उपासना आटोपल्यावर तेथील धर्मशिक्षक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न दिसण्यात साधा होता, तथापि त्याचे उत्तर आम्हांस जागच्या जागी देता आले नाही, म्हणून तो येथे मांडीत आहोत. पुढील काळात गॅस, वीज व तेल ही महाग आणि दुर्मीळ होतील असे ते चोहोंकडून ऐकतात. त्यांच्या घरी नियमाप्रमाणे गॅसच्या दोन टाक्या आहेत. दोहोंहून अधिक टाक्या एका घराच्या नावावर मिळत नाहीत. परंतु शेजारच्या मजूर बाईच्या नावे उज्ज्वला योजनेतून मिळालेली जोडणी आहे, आणि टाकी भरण्यास पैसा नसल्यामुळे तिचे पुस्तक बहुधा कोरेच राहते. "त्या पुस्तकावर मी तिसरी टाकी भरून ठेवली तर त्यात पाप ते काय? बाईचे काही जात नाही, आणि लेकरांची तरतूद करणे हे तर बापाचे कर्तव्यच आहे," असे ते म्हणाले. त्यांची पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि उद्या तीच बाई रिकामी टाकी घेऊन आली, तर तिला मी काय सांगू?" नवऱ्याच्या प्रश्नाहून बायकोचा प्रश्न अवघड होता.

टंचाईची भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारे रॉकेल बंद झाले, तेव्हा खेड्यापाड्यांतील दिवे कसे मंदावले हे त्या काळच्या वृद्धांनी आपल्या नातवंडांस सांगितलेले आहे. मोटारगाड्या त्या दिवसांत लोणारी कोळशाच्या वायूवर चालविल्या गेल्या. तो कोळसा म्हणजे तोडलेले झाडच होय, हे मात्र गाडीत बसणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात आले असेल. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल आखडले, आणि चार महिन्यांच्या आत खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. २००५ पासून कित्येक वर्षे आपल्या खेड्यांनी बारा बारा तासांचे भारनियमन सोसले. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व हिंदुस्थानातील सुमारे ६० कोटी लोकांची वीज एकाच दिवशी गेली. आपला प्रांत त्यातून वाचला, पण वाचलो ते आपल्या शहाणपणाने नव्हे.

बुलढाणा जिल्ह्याचे घर आज कशावर चालते, हे पाहिले पाहिजे. दिव्याची व चक्कीची वीज बहुतांशी कोळशातून येते. शेगावच्या पलीकडे अकोला जिल्ह्यात पारस येथे तो जळताना दिसतोच. देशात जळणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून, मुख्यत्वे इराणच्या आखातातून, जहाजांनी येतो. तेथे युद्ध पेटले तर लोणारच्या चुलीस त्याची झळ लागणारच. "मग आम्ही जुन्या चुलीकडे वळू," असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु जुनी चूल ज्यावर जळत होती ते तरी जागेवर आहे काय? बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा शेण कमी झाले व गोवऱ्याही कमी झाल्या. घाटावर ज्वारीच्या व कपाशीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनचे कुटार क्षणात भडकते आणि विझते, त्यावर एक भाकरही धड भाजत नाही. ज्ञानगंगेच्या जंगलातून मोळी आणणे कायद्याने बंद आहे, आणि तेथे अस्वलांचे भयही आहे. घाटाखाली अजून कपाशी आहे, म्हणून तिकडे पऱ्हाटी आहे. तिच्याविषयी पुढे सांगू.

आता साठ्याचा प्रश्न. धर्मशिक्षक बंधूंनी आपल्या बाजूने दहा कुमारींचा दृष्टांत पुढे केला. शहाण्या कुमारींनी कुप्यांत जास्त तेल घेतले होते, आणि मूर्ख कुमारींनी मागितले असता दिले नाही. त्यांस तर प्रभूने शहाण्या म्हटले! हा दृष्टांत आम्हांलाही पुष्कळ दिवस बोचत आला आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ निराळा, व त्यात तेल हे उसने देता येण्यासारखे नाही, हे आम्ही जाणतो. तथापि शब्दशः घेतला तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या पाच जणींनी तेल आपल्याच कुप्यांत आणले होते, ते दुसरीच्या कुपीतून काढल्याचे कोठे म्हटलेले नाही. विपुलतेच्या दिवसांत आपल्या पैशाने बेताने घेऊन ठेवणे ही काटकसर होय. टंचाई लागल्यावर तेच करणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्यास हात घालणे होय, कारण दुकानात तेव्हा जे थोडे असते त्यातूनच सर्वांस न्यावयाचे असते. आणि दुसऱ्याच्या पुस्तकावर टाकी उचलणे तर विपुलतेच्या दिवसांतही काटकसर ठरत नाही. बाईचे काही जात नाही, हे बंधूंचे म्हणणे खरे नाही. तिचा हक्क जातो. तो वापरण्याची ऐपत आज नाही म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही.

योसेफाचेही नाव कोणी घेईल. त्याने सात वर्षे धान्य साठविले आणि मिसर देश जगविला, हे खरे. परंतु उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. त्या धान्याच्या मोबदल्यात लोकांनी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी जमिनी व स्वतःची शरीरेही राजास विकली. ज्याच्या हाती साठा, त्याच्या हाती माणसे. ह्या भागावर उपदेश आम्ही फारसे ऐकलेले नाहीत.

ह्याउलट सारफथची विधवा घ्या. ती गावाच्या वेशीशी काटक्या वेचीत होती, म्हणजे तिच्या घरी पिठाप्रमाणेच सरपणाचीही टंचाई होती. तिने आधी परक्यास भाकर करून दिली. पण तिचे उदाहरण आम्ही गरिबांस सांगावे आणि टाक्या असणाऱ्यांनी ते ऐकून माना डोलवाव्या, हे बरे नव्हे.

मग घराची तयारी कशाने करावी? आमच्या विदर्भातच ह्या प्रश्नाचा एकाने पुष्कळ विचार करून ठेवला आहे. वर्धा येथील मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील, लंडनात हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. बेचाळीसच्या चळवळीत ते तुरुंगात गेले. तेथे त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हा ग्रंथ लिहिला, व येशूच्या शिकवणीवरही एक पुस्तक लिहिले. त्यांचा भेद थोडक्यात असा: कोळसा व खनिज तेल ही एकदा भरलेल्या रांजणासारखी आहेत, काढली तेवढी उणी होतात, आणि रांजण म्हटला की त्याभोवती भांडण आलेच. झाड, बैल, ऊन व वारा ही वाहत्या ओढ्यासारखी आहेत, बेताने घेतली तर पुन्हा येतात. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' व धूर घराबाहेर नेणारी 'मगन चूल' ही तयार करण्यात आली. आज मगनदीप कोणी लावणार नाही. साठ वॉटच्या जुन्या बल्बाचे काम नऊ वॉटचा नवा दिवा करतो आणि छपरावरचे लहानसे सौर तावदान तो पेटवू शकते. पण कुमारप्पांचा प्रश्न जुना झालेला नाही: ही वस्तू मी घेतली असता दुसऱ्यास कमी पडते काय?

ह्या कसोटीवर घासले म्हणजे तयारीचे दोन प्रकार दिसतात. एक साठ्याचा, दुसरा गरज कमी करण्याचा. दुसऱ्याने कोणाचेच काही उणे होत नाही. उलट जो आपली गरज घटवितो तो दुकानात शेजाऱ्यासाठी मागे ठेवून येतो. शिवाय टाकी किती दिवस पुरणार? दीड-दोन महिने. शिकलेली रीत जन्मभर पुरते.

रीती लहान आहेत, म्हणून त्यांस कोणी हसू नये. डाळ व कडधान्ये आधी भिजत घालावी. पातेल्यावर झाकण ठेवावे. सरपण पावसाळ्यापूर्वी छपराखाली घ्यावे, कारण ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःस वाळविण्यातच जाते, आणि धूर तेवढा घरात राहतो. महायुद्धांच्या काळी युरोपातील बायका गवताने भरलेल्या पेटीत अन्न शिजवीत. ती पेटी आमच्या घरांत सहज होईल. एका खोक्यास आतून चार बोटे जाडीचे कुटार किंवा जुन्या चिंध्या दाबून बसवाव्या व मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवावी. भिजलेली तूरडाळ पंधरा मिनिटे खळखळ उकळून, झाकणासकट पातेले आत ठेवून वर गोधडीची जाड घडी दाबावी. दोन-तीन तासांत आगीवाचून वरण शिजते. ते लगेच खावे, किंवा पुन्हा उकळी आणून खावे. उन्हाळ्यात रात्रभर तसेच ठेवू नये. भाकरीस मात्र ही पेटी निरुपयोगी, तिला जाळ हवाच.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच गुरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार अवश्य करावा. सुमारे २५ किलो ओल्या शेणापासून एक घनमीटर वायू निघतो आणि खत शिल्लक राहते. गोवरी जाळली म्हणजे खत गेले. छपरावर सौर वीज बसविणाऱ्यांस एक सूचना: बॅटरी नसलेली, सरकारी तारांस जोडलेली यंत्रणा गावाची वीज गेली की आपणही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या माणसास धक्का बसू नये म्हणून तिची रचनाच तशी असते. वीज गेल्यावर आपल्या घरी उजेड राहील अशा आशेने पैसा घालणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो तर हा लेख सुस्थितांचा झाला असता. ज्या घरी गरज आधीच इतकी कमी आहे की तीहून घटविणे म्हणजे उपास, त्यांनी काय करावे? धर्मशिक्षकांच्या शेजारीण बाईस झाकण ठेवावयास सांगणे हा उपदेश नव्हे, थट्टा होय. तिच्या घरी जमीन नाही, गोठा नाही, छप्पर टिनाचे. ती जे जाळते ते दुसऱ्याच्या धुऱ्यावरचे असते.

म्हणून पऱ्हाटीविषयी. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी मजूर उपटीत व पुष्कळ ठिकाणी तीच घरी नेत, वर्षाचे सरपण त्यातून निघे. आता ती यंत्राने बारीक करून मातीत मिसळण्याची चाल पडत आहे. जमिनीस ते हितकारक आहे, ह्यात शंका नाही. शिवाय २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने विदर्भात जो कहर केला त्यावरून सर्वांस कळले की, पऱ्हाटीवरील वाळक्या, न फुटलेल्या बोंडांत ती अळी दडून राहते आणि पुढील पिकावर उतरते. ह्यासाठी पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत असे कृषी खाते सांगते, ते योग्यच आहे. येथे एकाची तरतूद दुसऱ्याच्या शेताचा नाश करते. परंतु पऱ्हाटी नष्ट करणे आणि गरिबाचे सरपण नष्ट करणे ह्यांत अंतर राखता येईल. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडेचे धान्य कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावी असे आहे. त्या नियमावर रूथ व तिची सासू जगल्या. कणसांस लागू असलेला नियम काडीस लागू नाही काय? आमच्या मंडळीत ज्यांची शेते आहेत त्यांनी वेचणी संपताच किडकी बोंडे काढून जाळावी, आणि दोन-चार तासांची पऱ्हाटी यंत्राखाली न घालता भूमिहीन घरास लागलीच द्यावी, म्हणजे पेरणीच्या आत ती जळून जाईल. बाकीची खुशाल मातीत घालावी. तासांचा आकडा आम्ही सांगितला तोच पाळावा असे नाही. गावोगाव तो ठरवावा, परंतु मोळी मागावयास कोणी दारी येण्यापूर्वी ठरवावा.

आणखी एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी आहे. टंचाई आली म्हणजे घरात प्रथम कोणाची शक्ती खर्च होते? गॅस संपला की सरपणास बाई जाते, चक्की बंद पडली की दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी बाईच जाते, आणि धूरही तिच्याच छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. तेव्हा "आम्ही चुलीवर भागवू" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघते त्याने, चुलीपुढे कोण बसणार, हेही सांगावे. बायकोच्या पाठीवर रचलेला साठा हा साठाच आहे.

धर्मशिक्षक बंधूंस आम्ही हे सर्व लिहून कळविले. त्यांचे उत्तर थोडे रागाचे होते. टाकीची किंमत व पाळकांचे अनुभव ह्यांविषयी त्यात दोन शब्द होते, ते आम्ही वाजवी समजतो. तथापि पुस्तक त्यांनी बाईस परत केले आहे, आणि बाळंतपणास आलेल्या तिच्या लेकीच्या पाण्यासाठी घरची एक टाकी पंधरा दिवस तिकडे आहे. पत्राच्या शेवटी त्यांच्या पत्नीच्या हातच्या दोन ओळी आहेत. कुटाराच्या पेटीत वरण उत्तम झाले, पण अख्खे हरभरे कच्चे राहिले, असे त्या लिहितात. ते आदल्या रात्री भिजत घातले होते काय, हे आम्ही विचारले आहे.