काळाची सबब आणि जुनी विज्ञानकथा

१८७७ साली शियापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाला मंगळाच्या पृष्ठभागावर ज्या रेषा दिसल्या, त्या बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे होत असे पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन अभ्यासकाने पुढे मोठ्या हिरिरीने प्रतिपादिले. आणि शास्त्रज्ञांत त्या मताविषयी संशय बळावत गेला तरी कथाकारांनी मात्र त्या कालव्यांच्या काठी नगरे वसविली, राजवंश स्थापिले व त्यांच्यात घनघोर युद्धे लावून दिली. १९६५ च्या जुलै महिन्यात मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले, आणि त्याने धाडलेल्या मोजक्या, अंधुक छायाचित्रांत ना कालवे होते ना नगरे. होती ती केवळ आघातांनी पडलेली विवरे. एका समग्र वाङ्मयाचा शास्त्रीय आधार अशा रीतीने नाहीसा झाला. तथापि ते वाङ्मय आजही आवडीने वाचले जाते, आणि आवडीने वाचणाऱ्यांनी ते का व कसे वाचावे हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे.

रे ब्रॅडबरीच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या मंगळकथांत कालवे आहेत, श्वसनयोग्य हवा आहे, आणि पृथ्वीवरील माणसांनी नकळत नेलेल्या कांजिण्यांनी तेथील प्राचीन संस्कृती जवळजवळ निःशेष झाल्याचे वर्णनही आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खोट्या ठरल्या. तिसरी ठरू शकत नाही, कारण ती मुळी मंगळाविषयीची नव्हतीच. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर ज्या साथी अमेरिकेत शिरल्या आणि ज्यांनी तेथील मूळ समाजांची वाताहत केली, त्यांची स्मृती त्या कथेत वावरते. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सनेही १८९८ साली मंगळवासीयांची इंग्लंडवर स्वारी घडवून आणली तेव्हा त्यांना क्रूर म्हणण्यापूर्वी आपल्याच लोकांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवावे, असे आपल्या वाचकाला आरंभीच बजाविले. ज्ञानाची उणीव हा विज्ञानकथेचा दोष नव्हे. उपलब्ध ज्ञानाच्या टेकूवर उभे राहून मनुष्याकडे पाहणे हे तिचे कार्य, आणि तो टेकू कालांतराने कोसळला तरी त्यावरून जे दिसले ते असत्य ठरत नाही.

परंतु जुन्या कथांना येणारे जुनेपण दोन प्रकारचे असते, एक ज्ञानाचे व दुसरे दृष्टीचे, आणि दुसऱ्या प्रकाराची अशी सोयीस्कर बोळवण करता येत नाही. आयझॅक आसिमॉव्हने १९४२ पासून लिहिलेल्या ज्या कथा पुढे ‘फाउंडेशन’ या नावाने ग्रंथरूप झाल्या, त्यांत आकाशगंगाव्यापी साम्राज्य आहे, त्याच्या ऱ्हासाचे गणित आहे, सहस्रावधी वर्षांचा विचार आहे. पण पहिल्या खंडात स्त्री म्हणून जी कोणी दिसते ती ओझरती. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या ब्रुकलिनविषयक कथेत तेथील परदेशी वस्तीबद्दलची किळस ही कथेच्या भयाची मूळ सामग्रीच आहे. अशा स्थळी आपण चाहते मंडळी एक ठराविक सबब पुढे करतो: काळच तसा होता.

ही सबब मला मान्य होत नाही, आणि तिचे कारण नैतिक असण्याआधी वाङ्मयीन आहे. आपल्या काळाच्या पलीकडे पाहीन अशी प्रतिज्ञा करूनच जो वाङ्मयप्रकार जन्माला आला, त्याने नेमक्या आपल्या काळाच्या आड लपावे, हे त्या प्रतिज्ञेलाच बाध आणणारे आहे. शिवाय ‘काळ’ ही एकजिनसी वस्तू नव्हे. १९०५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणानंतर दोनच वर्षांनी, रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली; तीत स्त्रिया सूर्याची उष्णता साठवितात, वातावरणातून पाणी ओढून घेतात, हवेतून प्रवास करतात आणि राज्यकारभारही चालवितात, तर पुरुष पडद्याआड घरकाम सांभाळतात. जी कल्पना परदानशीन समाजात वाढलेल्या एका विदुषीला सुचली, ती पुढे जवळजवळ चार दशकांनी न्यूयॉर्कमधील आसिमॉव्हसारख्या सुशिक्षित तरुणाला काळामुळे अशक्य होती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? खुद्द आसिमॉव्हनेच १९४५ सालच्या कथेत बेटा डॅरेल या स्त्रीच्या हातून आकाशगंगेच्या जेत्याचा बेत हाणून पाडला, म्हणजे तीनच वर्षांत त्याला जे दिसले ते काळाने दडवून ठेवलेले नव्हते. जुन्या लेखकाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये हे खरे; पण त्याच्या समकालीनांच्या श्रेष्ठ कल्पनेने तर मोजावेच मोजावे.

याच न्यायाने, जुने ते सदोष म्हणून टाकून द्यावे किंवा निदान धुऊनपुसून छापावे, हा उलट टोकाचा आग्रहही मला अमान्य आहे. लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा पुरस्कारचिन्ह म्हणून यापुढे देऊ नये असे जागतिक अद्भुतकथा पुरस्काराच्या चालकांनी २०१५ साली ठरविले ते उचितच झाले, कारण पुरस्कार हा आदर असतो आणि ज्यांचा त्याने तिरस्कार केला त्यांच्याच हाती त्याचा चेहरा देणे अशोभनीय होते. परंतु वाचन म्हणजे आदर नव्हे. २०१६ साली व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने लव्हक्राफ्टची तीच ब्रुकलिनची कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने नव्याने सांगितली. मूळ कथा ज्याने वाचलेली नाही त्याला या उत्तराची धार पुरती जाणवणार नाही. पूर्वपक्ष जाळून टाकल्यावर उत्तरपक्षाचे सामर्थ्य कळावे कसे?

आणि धुऊनपुसून छापण्याचे परिणाम पाहावयाचे असतील तर फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोचे उदाहरण आपल्या अगदी निकटचे आहे. १८७४-७५ च्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत हा पाणबुडीचा स्वामी वस्तुतः बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर असून १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढला होता, असे उघडकीस येते. त्या काळच्या इंग्रजी भाषांतरात मात्र नेमोच्या कैफियतीतील इंग्रजी हुकूमतीविरुद्धचा संताप बदलून सौम्य करण्यात आला, आणि कित्येक पिढ्यांच्या इंग्रजी वाचकांना तो तसाच मिळाला. दुरुस्तीची लेखणी आज सद्‌हेतूच्या हाती असली तरी उद्या ती सत्तेच्या हाती जाते, आणि मग प्रथम पुसले जाते ते पराभूताचे गाऱ्हाणे.

सबब, खऱ्या चाहत्याने जुने ग्रंथ मूळ रूपात वाचावेत, पण एकेकटे वाचू नयेत. आसिमॉव्हशेजारी रुकैया, लव्हक्राफ्टशेजारी लाव्हाल ठेवावा. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी अनुवादांतून व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, त्यालाही आता अर्धशतक उलटले आहे. आपली विज्ञानकथाही अशा रीतीने जुनी होत असताना तिला केवळ गौरवग्रंथांत बंदिस्त करणे हा तिचा सन्मान नव्हे. तिच्या काळात कोणाला काय दिसले होते आणि तिला काय दिसले नाही, हे दोन्ही निर्भीडपणे तपासणारा वाचक तिला लाभला, तरच ती जिवंत वाङ्मय म्हणून टिकेल.